लॉट, ॲकली की टेलर?

प्रश्न : आफ्रिकेतील रानरेड्याच्या शिकारीसाठी अमेरिकेत रायफल बनवून घ्यायची आहे. .४५८ लॉट, .४५० ॲकली आणि .४१६ टेलर यांपैकी कोणते काडतूस घ्यावे?

उत्तर : ही तिन्ही मुळात वाइल्डकॅट. वाइल्डकॅट म्हणजे कारखान्याच्या काडतुसाचे कवच बदलून हौशी कारागिरांनी घडवलेले काडतूस. लॉटचा जन्म एका जखमेतून झाला. १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये रानरेड्याने जॅक लॉट यांना जबर जखमी केले. त्यांच्या हाती .४५८ विंचेस्टर मॅग्नम होती. तिच्या ६३.५ मिलिमीटरच्या आखूड कवचात दारू दाबून भरावी लागे आणि वेग अपुरा पडे. लॉट यांनी १९७१ मध्ये सुमारे ७१ मिलिमीटरचे कवच घेतले. ५०० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ७०० मीटर वेगाने सुटू लागली.

ॲकलीची ताकद जवळपास तेवढीच. पण लॉटच्या चेंबरमध्ये .४५८ विंचेस्टरची काडतुसेही चालतात. परक्या मुलखात सामान हरवले, तर हा गुण लाखमोलाचा! शिवाय २००२ च्या सुमारास हॉर्नाडीची तयार काडतुसे आणि रुगरची रायफल आल्याने लॉट आता वाइल्डकॅट उरलेली नाही.

टेलर मात्र वेगळी. .४५८ विंचेस्टरचेच कवच, तोंड आवळून .४१६ केलेले. ते नेहमीच्या लांबीच्या ॲक्शनमध्ये बसते, गोळी ४०० ग्रेनची आणि धक्का लॉटपेक्षा बराच कमी.

लॉटचा धक्का खांद्याला पेलत असेल, तर लॉटच घ्यावी. तो झेपत नसेल, तर टेलर. कारण धक्क्याच्या भीतीने नेम हुकला की जखमी रेडा झाडीत शिरतो.