आला गं तो!

गेल्या नवरात्रात आमच्या देवासच्या टेकडीवर दोन्ही देवींचं दर्शन घेतलं आणि "रोपवे म्हाताऱ्यांसाठी असतो" असं बायकोला ऐकवून पायऱ्यांनी उतरायला लागलो. शेवटच्या चार पायऱ्या उरल्या असताना देवीनं माझं बोलणं ऐकलं. पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये. अमेरिकेतल्या लेकीनं फोनवर फर्मावलं, "बाबा, जुन्या कॉमेडी मालिका बघा. 'आय लव्ह लूसी'पासून सुरू करा." लूसी बघता बघता मी आपल्या 'ये जो है जिंदगी'वर येऊन पोचलो, आणि मग कधी ही, कधी ती. सहा आठवड्यांत वजन वाढलंच, पण थोडं काही डोक्यातही शिरलं.

१. माझी स्मरणशक्ती चांगली आहे, हा माझा गैरसमज होता. १९८४ साली 'ये जो है जिंदगी' सुरू झाली तेव्हा मी अकरा वर्षांचा. शुक्रवारी रात्री अर्धी गल्ली आमच्या ओसरीत सतरंजीवर, लाकडी शटरचा टीव्ही समोर आणि मी गच्चीवर अँटेना धरून "आलं का?" म्हणून ओरडतोय. त्यातला एक प्रसंग गेली चाळीस वर्षं मी लग्नाच्या पंगतींत रंगवून सांगत आलो. आता मिळतील तेवढे भाग पालथे घातले, तो कुठेच नाही. अर्धा दुसऱ्याच मालिकेतला असावा, उरलेला माझा. जे विनोद सापडले ते छान होते, पण पोट धरून हसावं असे नव्हते. मग तेव्हा एवढं हसू कशाचं आलं? बँक नोट प्रेसमधून दमून येणारे, घरात मोजकंच बोलणारे बाबा त्या अर्ध्या तासात मोठ्यानं हसायचे. त्यांना हसताना बघून आम्ही हसत होतो.

२. सोंग ओळखू येण्यासाठीच असतं, हे आजीला ठाऊक होतं. शफी इनामदार, स्वरूप संपत आणि राकेश बेदी हे मालिकेतले घरचे लोक. सतीश शाह मात्र दर भागात वेगळाच माणूस होऊन यायचे. अशी पन्नासेक सोंगं त्यांनी काढली. दार उघडलं की मिशी निराळी, बोली निराळी, धंदा निराळा. आजी लगेच म्हणायची, "आला गं तो!" तिचं माहेर धारचं. तिथल्या वाड्यात बहुरूपी यायचा, कधी पोलीस होऊन, कधी साधू होऊन. घरातली पोरं घाबरायची आणि मोठी माणसं ओळखून हसायची. "अगदीच ओळखू आला नाही तर त्याला पसा कोण देणार?" असं आजीचं साधं गणित होतं. मी त्या वयात सतीश शाह किती बदललेत ते बघायचो. आता बघतो ते मिशीच्या मागे तेच कसे उरलेत ते.

३. जवळचं माणूस मला फार उशिरा कळतं. ही मालिका शरद जोशींनी लिहिली आहे हे ऐकल्यावर माझी छाती फुगली होती. पुण्याचे काका उन्हाळ्यात आले की चाकणचं कांदा आंदोलन आणि शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांवरच बोलायचे. एवढा मोठा माणूस आंदोलनं सांभाळून फावल्या वेळात विनोदही लिहितो, असं मी वर्गात छातीठोकपणे सांगितलं, आणि कोणी दुरुस्त केलं नाही. लिहिणारे शरद जोशी वेगळे, हिंदीतले व्यंगकार, आणि जन्म उज्जैनचा, म्हणजे आमच्या घरापासून चाळीसेक किलोमीटरवर. शीर्षकगीत गाणारा किशोरकुमार खंडव्याचा. हसू मुंबईहून येतं असं समजून मी गच्चीवर अँटेना फिरवत होतो, आणि त्यातलं बरंचसं आमच्याच भागातलं होतं.

४. कोणी आपल्या बोलीला हसलं, तर ते कोण आहे यावर सगळं ठरतं. 'आय लव्ह लूसी' १९५१ ते १९५७ या काळातली. लूसीचा नवरा रिकी क्यूबाचा, आणि ते काम करणारा डेझी अर्नाझही क्यूबातच जन्मलेला. त्याचं इंग्रजी अडखळतं, आणि संताप अनावर झाला की गाडी स्पॅनिशवर घसरते. मालिकेत त्याच्या उच्चारांची नक्कल करायची मुभा फक्त लूसीला होती. हे वाचलं आणि मला पुण्यातल्या सुट्ट्या आठवल्या. मी "जेवून राहिलोय" म्हटलं की चुलतभावंडं लोळून हसायची. चार पिढ्या पवार संस्थानिकांच्या देवासात राहिलेलं आमचं मराठी, त्याला माळव्याचा वास येणारच! मी तेव्हा रुसून बसायचो. बायको नागपूरची. तीही माझी नक्कल करते, पण तिचा मला राग येत नाही. आणि आमचं भांडण हातघाईवर आलं की मीही रिकीसारखाच, थेट हिंदीत.

५. श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचायची असते, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. लूसीच्या १९५२ मधल्या एका भागात छडी घेतलेली, काटकुळी बॅले शिक्षिका येते. हिला कुठे तरी पाहिलंय, एवढंच दोन दिवस डोक्यात. मग ट्यूब पेटली. १९९२ च्या 'सिस्टर अ‍ॅक्ट'मधली ती करारी म्हातारी नन! चाळीस वर्षांचं अंतर, पण नजर तीच. नाव मेरी विक्स. अशी जन्मभर दुसऱ्यांच्या घराची बेल वाजवणारी कलावंत मंडळी प्रत्येक मालिकेत असतात. मी स्वतःवर खूश झालो आणि लगेच ओशाळलो. आमच्या कचेरीत अठरा वर्षं टपाल घेऊन येणारे एक गृहस्थ मला प्लास्टरच्या दिवशी इस्पितळात भेटले. चहा आणून दिला, रिक्षापर्यंत हात धरला. माझ्या तोंडात त्यांचं नाव काही येईना. विक्सबाईंचं मात्र पाठ.

६. जुना विनोद बायकोबरोबर बघावा. एकट्यानं बघितला तर तो गोडच लागतो. रिकी लूसीला मांडीवर आडवी घालून मारतो, असे प्रसंग त्या मालिकेत आहेत आणि प्रेक्षक खळाळून हसतात. मी म्हटलं, "त्या काळी असंच असायचं." ती भाजी निवडत म्हणाली, "त्या काळी लूसीला विचारलं होतं का कोणी?" पुढच्या तीन विनोदांवर हसण्याआधी मी तिच्याकडे बघून घेतलं. अजून बघतो.

७. पडद्यावरची माणसं वाढत नाहीत, याची मी तयारी केली नव्हती. अकराव्या वर्षी शफी इनामदार मला काकांच्या वयाचे वाटायचे, संसारी आणि वैतागलेले. आता त्यांनी साकारलेला तोच रणजित दारातून आत आला आणि मनात आलं, किती कोवळा पोरगा आहे हा! १९९६ मध्ये शफी गेले ते पन्नाशीत. मी त्यांच्यापुढे निघून आलोय. त्यांच्या वैतागावर मला आता हसू येत नाही. समजावून सांगावंसं वाटतं, की बाबा रे, हे काहीच नाही.

८. काही गोष्टी मला शिकता येत नाहीत, त्या आत्याकडून ऐकायच्या असतात. बाबा गेल्यापासून धारची आत्या भाऊबीजेला माझ्याकडेच येते. २०२५ सालीही ती ओवाळून राहिली होती. दोन दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, सतीश शाह गेल्याची बातमी मोबाईलवर आली. मी तिला काही बोललो नाही, नुसता एक जुना भाग लावला. तिला मालिकेचं नाव आठवेना, शफी आठवेनात. डोळे बारीक करून, शेव घातलेले पोहे खात ती बघत होती. पडद्यावर दार उघडलं, मिशीवाला कोणी आत आला आणि चमचा तसाच हातात ठेवून आत्या म्हणाली, "आला गं तो!" खोलीत ती आणि मी दोघंच. ते 'गं' कोणासाठी होतं, ते मी विचारलं नाही.

भाग संपल्यावर तिनं विचारलं, "आता कुठे असतो रे हा?"

"गेला, आत्या. आजच."

तिनं थोडा विचार केला. मग रिकामी बशी माझ्याकडे देत म्हणाली, "पुढचा लाव. त्यात येईल."

लावला. आला.