दिव्यावर येणारे ढेकण्या किडे : घर राखू, विष टाळू



भाद्रपद-आश्विनात आपल्या शिवारातील भात पोसवते आणि त्याच सुमारास घरोघरी एक तक्रार सुरू होते. दिवा लावला की खिडकीतून किडे आत येतात. कुणी ताटाशेजारी पडतो, कुणी अंथरुणावर. चुकून हात पडला की असा वास सुटतो की साबणाने धुतला तरी लवकर जात नाही. मच्छेच्या एका बाजूला औद्योगिक वसाहतीचे रात्रभर जळणारे दिवे आणि दुसऱ्या बाजूला भाताची शेतवड. अशा गावात हा पाहुणा येणारच. पण त्याच्यासाठी शेतातले औषध घरात फवारणे हा उपाय नव्हे, हे या पाठात आपण पाहणार आहोत. त्यासाठी आधी किड्याची ओळख करून घेऊ.

किडा कोण?

या किड्यांना मराठीत ढेकण्या म्हणतात. कन्नडमध्ये ढेकणाला 'तिगणे' म्हणतात. घरातला ढेकूण आणि हे किडे एकाच मोठ्या गणातले आहेत. दोघांनाही तोंडाच्या जागी सुईसारखी सोंड असते. फरक एवढाच की ढेकूण माणसाचे रक्त पितो आणि आपल्याकडे दिव्यावर येणारे हे किडे झाडाचा रस पितात. ते माणसाला रोग देत नाहीत.

आपल्या भागात त्यांचे चार प्रकार ओळखून ठेवावेत.

१) हिरवा ढेकण्या : ढालीच्या आकाराचा, पाठीवर मोठा त्रिकोण. भाज्या, कडधान्ये आणि इतर अनेक पिकांवर असतो. दिव्यावर येतो.

२) लोंबीवरील ढेकण्या : लांबट, सडपातळ, हिरवट तपकिरी, लांब पायांचा. भाताचा दाणा दुधात असताना सोंड खुपसून दूध शोषतो. मग दाणा पोचट राहतो किंवा त्यावर डाग पडतो. शेताला लागून घर असेल तर कधी कधी भिंतीवरही दिसतो.

३) वालावरचा ढेकण्या : गोलसर, हिरवट तपकिरी, मसुरीच्या दाण्याहून थोडा मोठा. परसातल्या वाल-पावट्याच्या वेलाला दाटीने चिकटलेला असतो.

४) भुईतला काळा ढेकण्या : बारीक, चकचकीत काळा. जमिनीत राहतो आणि पावसाळ्यात दिव्याखाली ढिगाने पडतो.

वास कशासाठी?

मोठ्या किड्याच्या छातीच्या खालच्या बाजूस, पायांजवळ, वासाच्या ग्रंथी असतात. पिल्लांमध्ये त्या पाठीवर असतात. पक्षी किंवा पाल जवळ आली, कुणी दाबले, की किडा त्यातून एक द्रव सोडतो. शत्रूला दूर ठेवण्याचे हे त्याचे हत्यार आहे. या द्रवात अल्डिहाइड नावाच्या गटातील रसायने असतात. कोथिंबिरीच्या वासातही याच गटातील रसायने आहेत, म्हणून काहींना या किड्याचा वास कुजक्या कोथिंबिरीसारखा वाटतो.

यातून पहिला धडा मिळतो. किडा चिरडू नये. चिरडला की वास पसरतो आणि भिंतीवर डागही पडतो. हा द्रव डोळ्यात गेला तर आग होते. अशा वेळी डोळे न चोळता स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावेत आणि लाली राहिली तर डॉक्टरांना दाखवावे.

तो घरात का येतो?

थंड देशांत हे किडे हिवाळ्यापासून लपण्यासाठी घरात शिरतात. चीन, जपान, कोरिया या भागातला एक तपकिरी ढेकण्या मालासोबत अमेरिकेत पोहोचला. पेनसिल्व्हेनिया राज्यातील ॲलनटाऊन येथे १९९८ मध्ये त्याची पहिली नोंद झाली. पुढे तो इतका वाढला की मेरीलँड राज्यातील एका निसर्गशास्त्रज्ञाने २०११ च्या पहिल्या सहा महिन्यांत आपल्या एका घरात २६,२०५ किडे मोजले! भिंतीच्या फटी आणि छताखालची पोकळी हे त्यांचे मार्ग होते.

आपल्याकडे तशी थंडी नाही. आपल्याकडे किड्याला बोलावतो तो मुख्यतः दिवा. शेतातल्या अंधारातून पांढरी ट्यूब दुरून दिसते. पूर्वी असे मानत की किडा दिव्याला चंद्र समजून फसतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगळेच दिसले. उडणारे कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, म्हणून या सवयीने ते सरळ उडतात. दिवा जवळ आला की तीच सवय त्यांना दिव्याभोवती फिरवत ठेवते. सुगीत कापणी झाली की त्यांचा आसराही जातो आणि मग गवत, झाडे, गंज्या यांकडे ते वळतात.

वाट कशी बंद करावी?

१) दिवा : दाराबाहेरचा दिवा गरजेपुरताच लावावा. पांढऱ्या किंवा निळसर दिव्यापेक्षा पिवळ्या दिव्यावर किडे कमी येतात. दिवा दाराच्या अगदी वर नसावा, थोडा बाजूला असावा. दिवेलागणीला आधी खिडकी लावावी, मग दिवा लावावा. क्रम एवढा बदलला तरी फरक पडतो.

२) जाळी : डासांची साधी जाळी या किड्यांनाही पुरते. खिडकीबरोबर झरोक्यालाही जाळी हवी. एक कोपरा फाटका असेल तर बाकीची जाळी व्यर्थ आहे.

३) फटी : दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावावी. वायर आणि नळ जिथून आत येतात ती भोके सिमेंटने बुजवावीत. कौलारू घरात भिंत आणि कौले यांमधली जागा पूर्ण बंद करू नये, कारण धूर आणि उष्मा तिथूनच बाहेर जातो. तिथे जाळी ठोकावी.

४) परसू : वाल-पावट्याचा वेल खिडकीवर चढवू नये, मांडव घरापासून दूर घालावा. पानांच्या मागे दाटीने चिकटवलेली अंडी दिसली तर ते पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवावे.

५) पिंजर आणि जळण : गवताची गंजी घराच्या भिंतीला टेकवून रचू नये. जळण आत आणताना आपटून झाडावे. संध्याकाळी काढलेले वाळलेले कपडेही झटकूनच घडी करावेत.

एवढे करूनही एखादा आत आलाच तर? प्लास्टिकच्या बाटलीत चार बोटे पाणी घेऊन त्यात भांडी घासण्याचा थोडा साबण मिसळावा. किड्याच्या खाली बाटली धरून कागदाने हलके ढकलले की तो आत पडतो. साध्या पाण्यावर तो तरंगतो, कारण पाण्याचा पृष्ठताण त्याला उचलून धरतो. साबणाने हा ताण कमी होतो आणि किडा बुडतो. हाच नियम वापरून रात्री बाहेरच्या खोलीत साबणपाण्याचे पसरट ताट ठेवावे आणि त्यावर एक दिवा लावावा. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २०१४ मध्ये अशा घरगुती सापळ्याची विकतच्या सापळ्यांशी तुलना केली, तेव्हा यात १४ पट अधिक किडे सापडले.

विष घरात नको

आता सर्वांत महत्त्वाचे. भातावर मारायचे औषध उरले म्हणून घरात फवारण्याची चाल काही ठिकाणी आहे. पालकांना आमची कळकळीची विनंती आहे की असे करू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते तर उघड्या शिवारात होते. बंद खोलीत तेच विष अंथरुणावर, भांड्यांवर, रांगणाऱ्या बाळाच्या हातांवर बसते.

दुसरी घटना तर शाळेतलीच आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शाळेचे जेवण जेवून २३ मुले मृत्युमुखी पडली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. म्हणून औषध दुसऱ्या बाटलीत, विशेषतः थंड पेयाच्या बाटलीत, कधीच ओतू नये. रिकामा डबा धान्याला, तेलाला किंवा पाण्याला वापरू नये. औषध कुलपात, स्वयंपाकघरापासून दूर ठेवावे. कुणाच्या पोटात गेल्याची शंका आली तर उलटी करवत न बसता ताबडतोब दवाखाना गाठावा आणि औषधाचा डबा बरोबर न्यावा.

शिवाय घरातल्या फवारणीने काम होतही नाही. आजचे किडे मरतात, पण उद्या त्याच दिव्यावर शेतातून दुसरे येतात. मरतात ते कोळी आणि ढेकण्याची अंडी पोखरणाऱ्या बारीक गांधीलमाश्या, म्हणजे आपलेच राखणदार.

विश्वस्त मंडळींनाही एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या कामाच्या यादीत माध्यान्ह आहाराच्या खोलीची जाळी सर्वांत आधी असावी, आणि त्या खोलीजवळ कोणतेही कीटकनाशक ठेवू नये असा नियम लेखी असावा. खर्च थोडा आहे, पण राखण मोठी आहे.

उपक्रम

पंधरा दिवस रोज रात्री आठ वाजता दिव्याखालचे किडे मोजा. वहीत चार रकाने आखा : तारीख, दिव्याचा रंग, खिडकी उघडी की बंद, किड्यांची संख्या. पहिले सात दिवस पांढरा दिवा आणि पुढचे आठ दिवस पिवळा दिवा लावा. दोन्हींची रोजची सरासरी काढा आणि वर्गात ताडून पाहा. पाऊस पडलेल्या दिवशी वेगळी खूण करा.

प्रश्न

१) ढेकण्या किडा साबणाच्या पाण्यात का बुडतो?
२) अमेरिकेतील आणि आपल्याकडील किडे घरात येण्याची कारणे कोणती? त्यात फरक काय?
३) तुमच्या घरात किड्यांना आत येण्याच्या किती वाटा आहेत? आई-वडिलांबरोबर फिरून यादी करा आणि त्यातली एक वाट या रविवारी बंद करा.