जोत्यापासून घराकडे

वास्तुशिल्पज्ञाची थोरवी उंच इमारतींवरून मोजण्याची आपल्याकडे रूढी आहे. पुण्यात १९२७ साली जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांची इंदूरमधील अरण्य वसाहत या समजुतीस छेद देते. ऐंशीच्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी आखलेल्या या वसाहतीत सुमारे साडेसहा हजार भूखंड होते. दुर्बल घटकांतील कुटुंबांना पुरे घर देण्यात आले नाही. जोते, शौचालय, न्हाणी आणि पाण्याची जोडणी एवढेच मिळाले. एकट्या कुटुंबास न पेलणारे नळ व गटार प्राधिकरणाने करावे, खोल्या व जिना ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवावा, अशी ही योजना. घरकुलाचे काम पाहणाऱ्या पंचायत सदस्यांस तिचे मर्म सहज कळेल. १९९५ मध्ये तिला आगाखान वास्तुकला पुरस्कार लाभला.

या व्यवसायासाठी पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणि १९७२ च्या अधिनियमाखालील नोंदणी लागते, हे शिक्षक सांगतातच. चित्रकलेत हुशार मुलगा हेरून त्यास या शाखेकडे धाडण्याची रीतही जुनीच. परंतु दोशींच्या संस्थेने इंदूरच्या झोपडवस्त्यांत हिंडून ओटे, दुकाने, झाडांची सावली यांच्या नोंदी केल्या होत्या. अरण्यमध्ये घर आणि रस्ता यांच्यामध्ये ओट्यासाठी जागा राखण्यात आली.