भुकेल्याचा वाटा



सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ख्रिस्तसभा स्थलांतरित व निर्वासितांसाठी खास प्रार्थना करते. त्यानिमित्त आपल्याच महाराष्ट्रातील एक घटना आठवूया.

१९४० साली सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. थंडी, उपासमार आणि रोगराईत कितीतरी मुले पोरकी झाली. १९४१ साली सुटकेचा हुकूम निघाला आणि १९४२ मध्ये त्यांतील बरेच जण इराणला पोचले. पुढे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलेच होती. तेथे त्यांना शाळा, दवाखाना आणि चर्चही मिळाले. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. ती मुले इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांत स्थिरावली. २०१९ साली त्यांतील काही जण उतारवयात कोल्हापूरला येऊन गेले.

१९४३ सालीच बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती. म्हणजे आसरा देणारा देश स्वतः सुखात नव्हता. आपण मात्र सहज म्हणतो, "आमचंच आम्हाला पुरत नाही, दुसऱ्याला काय देणार?"

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, जीव जाण्याइतकी गरज असते तेव्हा जगण्याची साधने सर्वांची असतात. म्हणून भुकेल्याला देणे हा उपकार नव्हे. त्याचा वाटा त्याच्या हाती देणे होय. याकोबाचे मुलगे धान्यासाठी मिसर देशात गेले. बाळ येशूला घेऊन पवित्र मरिया व योसेफ यांनीही तेथेच आसरा घेतला. परक्याला घरात घेणारा मलाच घरात घेतो, असे प्रभू सांगतो (मत्तय २५:३५).

पुसेगावात हे समजायला अवघड नाही. दसरा-दिवाळीनंतर आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला जातात. परक्या गावी त्यांना पिण्याचे पाणी आणि आदराचा शब्द मिळावा, असे आपल्याला वाटतेच ना? मग कामासाठी आपल्या गावात येणाऱ्यालाही तेच मिळायला हवे.

या आठवड्यात घरी विचार करूया:

१. कामासाठी आलेल्या एखाद्या कुटुंबाची आपण नावाने विचारपूस केली आहे का?

२. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले मागे राहिली, तर त्यांच्या जेवणाची व शाळेची काळजी आपल्यापैकी कोण घेईल?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या रविवारी मिस्सानंतर एकत्र बसून ठरवूया.