सोमवारी सांगायला काहीतरी हवे!
(पहिली-दुसरीच्या मुलांच्या पालकांसाठी)



रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या पटांगणात एखादी आई हमखास थांबवते. "बाई, पोर पहिलीत जाऊन चार महिने झाले. वही उघडून पाहावी तर दोन-चार अक्षरे आणि चित्रे. घरचा अभ्यास तर नाहीच! वर्गात शिकवतात तरी काय?" प्रश्न रास्त आहे. सकाळी उठून डबा करायचा, रिक्षा लावायची, पोटाला चिमटा काढून पैसे भरायचे आणि वही कोरी पाहायची, म्हणजे जिवाला घोर लागणारच. म्हणून पहिली-दुसरीच्या वर्गातला एक आठवडा आज आपल्यापुढे मांडते. त्यात आपला, म्हणजे घराचा, वाटा कोणता हेही पाहू.

आधी थोडा हिशेब

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेने वर्षाला निदान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचे असते. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. उरलेले वीस तास मूल आपल्याजवळ असते. त्यातली झोप वजा केली तरी शाळेपेक्षा घराचा वेळ अधिक भरतो.

२०२० साली केंद्र सरकारचे शालेय दप्तर धोरण आले. पहिली-दुसरीच्या मुलांचे दप्तर साधारण १.६ ते २.२ किलोपर्यंतच असावे आणि दुसरीपर्यंत घरचा अभ्यास देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. मग त्याऐवजी काय? मुलांनी संध्याकाळ घरी कशी घालवली, कोणते खेळ खेळले, काय खाल्ले, हे त्यांना वर्गात बोलू द्यावे, असेही तेच धोरण सांगते. पालकांनो, इकडे लक्ष द्या. मुलाने घरून लिहून आणायचे नाही. पण सांगण्यासारखे काहीतरी घेऊन यायचे आहे. आता वर्गात डोकावू. खरे तर भाषा, गणित, खेळ हे सारे रोजच असते. समजायला सोपे जावे म्हणून एकेका दिवसाला एकेक गोष्ट घेतली आहे.

सोमवार : गप्पा

मुले गोल करून बसतात. "काल घरी काय केले?" असा साधा प्रश्न असतो. एक सांगते, "आईबरोबर बाजारात गेले." दुसरा सांगतो, "बावखलात बेडूक पाहिला." हा वेळ फुकट गेला असे वाटेल. पण मूल येथेच शिकते की, आधी काय झाले, मग काय झाले, शेवटी काय झाले, हे ऐकणाऱ्याला कळेल असे क्रमाने सांगायचे असते. ज्याला असे सांगता येते, त्याला पुढे धडा समजतो आणि निबंधही लिहिता येतो. अलीकडे मात्र पाच-सहा मुलांचे उत्तर एकच असते, "मोबाईल पाहिला." त्यापुढे "काय पाहिले?" असे विचारले तर सांगता येत नाही.

येथे माझी एक चूक कबूल करते. नवी शिक्षिका असताना माझ्या वर्गात एक मुलगा होता. पहिल्या आठवड्यात तो घरच्या बोलीत काही सांगू लागला आणि मी त्याला "शुद्ध बोल" म्हणून थांबवले. मुले हसली. त्यानंतर दोन महिने त्याने तोंड उघडले नाही. त्याला काही येत नाही, असे मी ठरवूनही टाकले. एकदा मधल्या सुट्टीत आजोबा वाडीला पाणी कसे देतात हे तो मित्राला सांगताना माझ्या कानी पडले. विहीर, पंप, पाट, केळीची आळी सारे क्रमाने, एकही गोष्ट न चुकता! मुलाला येत होते. मीच दार लावले होते. तेव्हा सामवेदी असो, वाडवळी असो की कोळी बोली असो, ती घरात खुशाल बोला. मूल इंग्रजी माध्यमात असले तरीही बोला. एका भाषेत गोष्ट नीट सांगता येणारे मूल दुसऱ्या भाषेतली गोष्ट लवकर पकडते.

मंगळवार : अक्षरे

आपण क, ख, ग, घ ओळीने घोकले. आता अनेक वर्गांत तसे शिकवत नाहीत. आधी थोडीच अक्षरे घेतात आणि लगेच शब्द करतात. क, म, ल ही तीन अक्षरे आणि काना एवढ्यावर पाहा: कमल, कलम, काम, माल, लाल, काका, मामा. चार दिवसांत मूल मामाचे नाव वाचते! ङ आणि ञ यांची त्याला अजून गरज नाही. म्हणून "सगळी मुळाक्षरे अजून येत नाहीत" याची काळजी करू नका. "शब्द वाचतो का आणि वाचलेले कळते का?" हे विचारा.

केंद्र सरकारच्या जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाची अपेक्षाही अशीच पायरीपायरीने आहे. पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांची अनोळखी वाक्ये वाचता यावीत. तिसरीच्या शेवटी मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचता यावेत. तिसरीच का? कारण तोवर मूल वाचायला शिकते आणि त्यानंतर त्याला वाचून शिकावे लागते. वाचन कच्चे राहिले तर चौथीपासून परिसर, गणित, सारेच अडते. मग आपण म्हणतो, "पोराचे अभ्यासात लक्ष नाही."

बुधवार : गणित

"पंचवीस लिही" म्हटल्यावर मूल ५२ लिहिते. आपण डोक्याला हात लावतो. पण जरा ऐका. पंच-वीस : कानाला पाच आधी ऐकू येतात, वीस नंतर. मुलाने ऐकले तसे लिहिले! 'एकोणतीस' म्हटले की तीस ऐकू येते आणि लिहायचे असतात २९. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन दिले गेले, ते याच अडचणीमुळे. त्यावर राज्यभर वाद झाला. समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांना खूप टीका ऐकून घ्यावी लागली. कोणती पद्धत बरी यावर मतभेद असतील. पण मुलाची अडचण खरी आहे, हे तर मानायलाच हवे.

वर्गात यावर उपाय काड्यांचा असतो. दहा काड्या मोजायच्या, रबर लावून गठ्ठा करायचा. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या म्हणजे पंचवीस. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या म्हणजे बावन्न. दोन्ही ढीग शेजारी ठेवले की मूल स्वतःच हसते. शंभरदा लिहून जे कळत नाही, ते दोन मुठी काड्यांत कळते.

गुरुवार : परिसर

मुले पाने गोळा करतात : केळीचे, अळूचे, आंब्याचे, चिंचेचे. मोठे-लहान, गुळगुळीत-खरखरीत असे गट पाडतात. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो, आंब्याच्या पानावर तसा घरंगळत नाही. "असे का?" हा प्रश्न मुलाने विचारला की विज्ञानाचा पहिला पाठ झाला.

ही रीत बाहेरून आलेली नाही. आपल्याच भागातली आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली आणि अंगणवाडीची कल्पना रुजली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून पाने, बिया, शिंपले, खडे हीच साधने झाली. मुलाच्या अंगणात जे आहे तिथूनच शिक्षण सुरू होते, हे त्यांनी दाखवून दिले.

शुक्रवार : गोष्ट आणि हात

बाई गोष्ट वाचतात आणि मध्येच थांबतात. "आता पुढे काय होईल?" मुले तर्क करतात, वाद घालतात. त्यानंतर मातीकाम, कागद फाडून चिकटवणे, मणी ओवणे. यावरही पालकांची तक्रार असते, "लिहायला लावा की!" पण पेन्सिल धरायला बोटांत बळ लागते. ते माती मळून, मणी ओवून येते. घरी वालाच्या शेंगा सोलायला, मोगऱ्याच्या कळ्या ओवायला मुलाला जवळ घ्या. अक्षर सुधारायला त्याचाही उपयोग होतो.

शनिवार : दप्तराविना

२०२४ मध्ये राज्य शासनाने पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आणला. खेळ, गाणी, योग, हस्तकला यांचा हा दिवस. ज्या शाळांना शनिवारी सुट्टी असते, तिथे हा दिवस घराच्या हाती आहे. तो सगळाच शिकवणीला देऊ नका.

मग आपण काय करायचे?

येत्या आठवड्यात एवढे करून पाहा:

१. रोज रात्री जेवताना दहा मिनिटे टीव्ही आणि मोबाईल बंद. "आज काय शिकवले?" असे विचारू नका; "काही नाही" एवढेच उत्तर येईल. त्याऐवजी "आज कोणाबरोबर खेळलास?" असे विचारा आणि आपलाही दिवस सांगा.

२. बाजारातून आणलेली लिंबे, अंडी, बटाटे मुलाला मोजू द्या. दहाचे ढीग करायला सांगा.

३. आजी-आजोबांना रोज एक गोष्ट सांगायला सांगा, त्यांच्याच बोलीत.

४. आज चर्चमधून घरी जाताना दुकानांच्या पाट्यांवर मुलाला ओळखीचे अक्षर शोधू द्या. चुकले तर रागावू नका.

५. शेजारच्या मुलाशी तुलना नको. मात्र दुसरीच्या अखेरीसही सोपी वाक्ये वाचता येत नसतील, तर लाजू नका आणि थांबूही नका. वर्गशिक्षिकेला भेटा. डोळे आणि कान तपासून घ्या.

या पाचांपैकी एकालाही पैसे लागत नाहीत. वेळ मात्र लागतो, आणि आपल्याकडे तोच कमी असतो, हे मला ठाऊक आहे. सातच्या लोकलने जाणाऱ्या बाबाला आणि पहाटे भाजी-फुले घेऊन बाजार गाठणाऱ्या आईला मी काय सांगणार? पण दहा मिनिटे तरी काढाच. उद्या सोमवार आहे. उद्या सकाळी वर्गात बाई विचारतील, "काल घरी काय केले?" आपल्या लेकराजवळ सांगायला काहीतरी असू द्या.

– एक शिक्षिका