पानावरची निळी झाक

अर्धापूरची केळी दूरदूर जाते. पण केळीचे पान उलटे करून कधी बघितले का? बघा. वरची बाजू हिरवीगार असते. खालची बाजू पांढरट-निळसर दिसते. आता तिच्यावरून बोट ओढा. बोटाला पूड लागते आणि पानावर हिरवी रेघ उमटते. ज्वारीचे पान ताटाला जिथे वेढून असते, तिथेही अशीच पूड सापडते.

हे मेण आहे. झाड ते स्वतःच तयार करते. मेणाच्या बारीक कणांवर उजेड पडून विखुरतो, म्हणून निळसर झाक दिसते. मेणामुळे पानातले पाणी लवकर उडून जात नाही. आपल्याकडचा उन्हाळा कसा असतो, ते काय सांगावे!

काही जण ही पूड बघून घाबरतात. भुरी पडली म्हणतात आणि औषध आणायला धावतात. पैसे वाया जातात. भुरी ठिपक्यांनी येते आणि पसरत जाते. मेण मात्र चांगल्या, निरोगी ताटांवरही सारखेच असते. मेणावर पाणी ठरत नाही, थेंब घरंगळून जातो. म्हणून केळीवर करप्याचे औषध फवारताना त्यात स्टिकर घालतात.

आता मोरपीस घ्या. ते निळे चमकते, पण कुटले तर तपकिरी भुकटी निघते. मग निळा रंग गेला कुठे? तो मुळी रंग नव्हताच. पिसात अतिशय बारीक थर असतात. त्यांवरून उजेड परत येतो, तेव्हा निळा तेवढा उठून दिसतो. पाण्यावर सांडलेले तेल असेच रंग दाखवते.

मलेशियाच्या दाट जंगलात बेगोनियाची एक जात आहे. तिची पाने मोरासारखी निळी चमकतात. पानातल्या हिरव्या कणांतच असे थर असतात. 2016 साली शास्त्रज्ञांनी दाखवले, की या थरांमुळे झाडाला अंधाऱ्या जागी उजेडाचा जास्त उपयोग करून घेता येतो. गंमत अशी, की ज्या झाडापासून कपड्याची नीळ काढीत, त्याचे पान मात्र हिरवेच!

मक्याचे पान जांभळे पडले, तर ती गोष्ट निराळी. तो रंग पानाच्या रसातला असतो, बोटाने पुसला जात नाही. कडक थंडीत असे होते. जमिनीत स्फुरद कमी असले तरी होते. थंडी सरल्यावरही रंग जाईना, तर माती तपासून घ्यावी, मगच खत आणावे.