दहा गावे आणि तेरा वर्षे



मार्चमध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या जयंतीला आपल्या शाळेत भाषणे होतात, आणि महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले हे वाक्य प्रत्येक भाषणात असतेच. गेल्या जयंतीला कार्यक्रम संपल्यावर सातवीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले, "महाराजांना नुसता हुकूमच द्यायचा होता, तर १८९३ मध्येच सगळ्या राज्याला का नाही दिला?" आम्हा शिक्षकांना त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेख.

महाराजांचा जन्म १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी शेतकरी घरात झाला. १८७५ मध्ये दत्तक म्हणून बडोद्याला आले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. बाराव्या वर्षी मुळाक्षरांपासून सुरुवात करणे किती जड जाते, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. १८८१ च्या अखेरीस राज्यकारभार हाती आला आणि पुढच्या काही वर्षांतच त्यांनी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढल्या. तेथे शिकवायला सवर्ण शिक्षक तयार होईनात. मग मुसलमान शिक्षक नेमले, पुढे आर्यसमाजी आले. शिक्षक मिळत नाहीत म्हणून शाळा मिटवून टाकता आल्या असत्या, आणि त्या काळात कोणी नावेही ठेवली नसती.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. बडोदे संस्थान एकसलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे विखुरलेले प्रांत होते. त्यातील अमरेली दूर काठियावाडात. १८९३ मध्ये सक्तीचा प्रयोग तेथील अवघ्या दहा गावांत सुरू झाला. सक्ती करायची तर आधी शाळा हवी, शिक्षक हवा, गावातील मुलामुलींची नोंद हवी. शाळाच नाही आणि दंड मात्र आहे, असा कायदा म्हणजे रयतेवर जुलूमच. शिवाय गुरे राखणारा मुलगा किंवा धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी हा गरीब घराचा एक कामाचा हात असतो. तो हात शाळेत पाठवायचा म्हणजे घराने काहीतरी सोसायचे. या अडचणी कचेरीत बसून कळत नाहीत, गावात काम करतानाच कळतात. म्हणून आधी दहा गावे, मग अमरेली तालुका, आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानासाठी कायदा. मध्ये तेरा वर्षे गेली. मुलींनाही हा कायदा लागू होता.

सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नये. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होई आणि तो गरिबालाच अधिक बोचे. जयंतीच्या भाषणात हे कोणी सांगत नाही. सांगायला हरकत नसावी.

बडोद्याचे उदाहरण देत गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानसाठी असेच विधेयक मांडले. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. साऱ्या देशातील मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

हे सारे आज लिहिण्यामागे आमचा थोडा स्वार्थही आहे. शनिवारचा मराठी वाचनवर्ग सुरू केला तेव्हा तीस मुले येत. आता अकरा येतात. वर्ग बंद करावा का, असे विश्वस्त मंडळाच्या बैठकीत विचारले गेले. प्रश्न रास्त आहे. खोली अडते, दिव्याचे बिल येते. आमच्यापैकी दोघांनाही मनातून तसेच वाटत होते. तरीही आणखी दोन वर्षे मुदत द्यावी, असा अर्ज आम्ही केला आहे. गळालेल्या मुलांच्या घरी जाऊन कारण विचारायचे काम यंदापासून आम्ही वाटून घेतले आहे. हे काम पहिल्याच वर्षी करायला हवे होते.

मुलांनी करावयाचा अभ्यास: आपल्या घराण्यात शाळेत जाणारी पहिली स्त्री कोण, ती कोणत्या गावच्या शाळेत गेली आणि तिची शाळा कधी व का सुटली, हे आजी-आजोबांना विचारून एक पान लिहावे. पान वर्गशिक्षकांकडे फेब्रुवारीअखेर द्यावे.